घरचा कॉम्प्युटर आणि ऑनलाइन कॉलेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एकच प्रश्न येत राहतो : "पोराला ऑनलाइन शिकायचंय, कोणता लॅपटॉप घेऊ?" कुणी नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलेलं असतं, कुणाला कॉलेजनं 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन कोर्सांच्या व्यासपीठावरचा एखादा विषय घ्यायला लावलेला असतो, कुणी नोकरी सांभाळून एम.कॉम. करत असतं. मी आधी उलट विचारतो : घरी लाइट किती वेळ असते, नेट कुठलं आहे आणि पोरगं बसणार कुठे? कारण पन्नास हजारांचा लॅपटॉप घेऊनही लेक्चर तुटत राहतं, आणि दहा वर्षांच्या जुन्या मशीनवर पदवी निघते, हे दोन्ही आम्ही रोज बघतो. नेहमीचे प्रश्न आणि त्यांची आमची उत्तरं खाली दिली आहेत.

फोनवर सगळं दिसतं. मग कॉम्प्युटर कशाला?

ऐकायला फोन पुरतो, लिहायला पुरत नाही. बी.ए. मराठी किंवा इतिहास असेल आणि स्वाध्याय हातानं लिहून द्यायचे असतील, तर पहिलं सत्र फोनवर निघून जातं. घाईनं कर्ज काढू नका. बी.कॉम., बी.सी.ए., बी.एस्सी. किंवा जिथे एक्सेल, टॅली, प्रोग्रॅमिंग आहे, तिथे मात्र पहिल्या महिन्यातच फोन कमी पडतो. एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला स्वतःची टिपणं उघडी ठेवणं ही सोयही छोट्या पडद्यावर होत नाही.

टॅबच्या भानगडीत पडू नका. बऱ्यापैकी टॅब आणि कीबोर्ड यांच्या पैशांत चांगला जुना लॅपटॉप येतो, आणि टॅबवर टॅली चालत नाही.

लॅपटॉप की डेस्कटॉप?

लाइट जात असेल तर लॅपटॉप. दोन-तीन भावंडांनी मिळून वापरायचा असेल आणि लाइटीची कटकट नसेल, तर डेस्कटॉप. त्याचा पडदा मोठा, मान वाकत नाही आणि दुरुस्ती स्वस्त पडते.

कमीत कमी काय असायला हवं?

८ जीबी रॅम (काम चालू असतानाची स्मृती), २५६ जीबी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा आय३ अथवा आय५. एएमडीचा रायझेनही चालेल. पिढी ओळखायची असेल तर नावातल्या रेघेनंतरचा आकडा बघा : आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी. ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. ते दुकानदार विकतो आणि पोरं गेमसाठी मागतात.

एका जातीच्या नव्या लॅपटॉपपासून मात्र लांब राहा. डबा नवा, भाव फार कमी, आत सेलेरॉन हा कमी ताकदीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम बोर्डावरच डाखलेली आणि ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डावरचीच छोटी साठवण. विंडोजचे दोन-तीन मोठे अपडेट आले की जागा संपते. रॅम वाढवता येत नाही, डिस्क बदलता येत नाही. त्याच पैशांत पाच-सात वर्षांपूर्वीचा कंपनी वापराचा लॅपटॉप दसपट सुखाचा.

घरात २०१४-१५चा लॅपटॉप पडून आहे. चालू व्हायला दहा मिनिटं लागतात. टाकून द्यायचा?

अजिबात नाही. आधी आणून दाखवा.

दहा मिनिटं लागतात ती बहुतेक वेळा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमुळे. ती काढून तिथे अडीच इंची साटा एसएसडी बसवली की तोच लॅपटॉप मिनिटाच्या आत उठतो. २४० किंवा २५६ जीबीची पुरते. काढलेली हार्ड डिस्क फेकू नका. यूएसबीच्या केसमध्ये घातली की बॅकअपला उपयोगी पडते.

दुसरं काम रॅमचं. ४ जीबीवर गूगल मीट, दोन पीडीएफ आणि वर्ड एकदम उघडलं की मशीन हँग होणारच. आणखी एक ४ जीबीची पट्टी टाका. मात्र २०१४च्या आसपासच्या, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला साधी डीडीआर३ चालत नाही, कमी व्होल्टची डीडीआर३एल लागते. बाजारात दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊन जा. रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून चढले आहेत, तेव्हा दुसऱ्या मशीनमधून काढलेली वापरलेली पट्टी तपासून घेतली तरी हरकत नाही.

तिसरं, पंख्यातली धूळ. लॅपटॉप गरम झाला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो, आणि लोकांना वाटतं मशीन म्हातारं झालं. साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

आणखी एक गंमत. वर्षानुवर्षं बंद असलेला डेस्कटॉप चालू केला, नेट व्यवस्थित आहे, तरी एकही साइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. लोक नेटवाल्याशी भांडतात. घड्याळाकडे बघा : तारीख कितीतरी वर्षं मागे गेलेली असते. मदरबोर्डवरचा नाण्याच्या आकाराचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदला, तारीख लावा, साइट उघडतात.

पण त्यावर विंडोज ११ चालत नाही म्हणे?

खरं आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. त्यापुढे असं मशीन नेटवर वापरायचं तर विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकावी. लिनक्स मिंट दिसायला विंडोजच्या जवळ आहे, फुकट आहे आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं. मीट, झूम, यूट्यूब, लिबरऑफिस, पायथन सगळं त्यावर होतं. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे आहेत. लिनक्स, लिबरऑफिस आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरवरचे त्यांचे कितीतरी धडे मराठी आवाजातही मिळतात.

लिनक्स टाकण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या : परीक्षा घरून आहे का आणि कोणत्या सॉफ्टवेअरमधून? उदाहरणार्थ परीक्षेसाठीचा सेफ एक्झाम ब्राउझर विंडोज आणि अ‍ॅपलच्या यंत्रांवर चालतो, लिनक्सवर नाही.

सेकंडहँड लॅपटॉप घेताना काय बघायचं?

कंपन्या तीन-चार वर्षं वापरून काढून टाकतात ते थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांचे लॅपटॉप हा आमचा आवडता माल. दणकट असतो आणि सुटे भाग मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलात तर एका गल्लीत हवे तेवढे दिसतील. पण पैसे देण्याआधी तिथेच बसून एवढं करा.

सगळी बटणं दाबून बघा, विशेषतः स्पेस, एंटर आणि बॅकस्पेस. झाकण चार वेळा उघडझाप करा, बिजागरी करकरली तर सोडा. प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह घाला, कॅमेरा आणि माइक चालू करून स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी-शेजारी असतात. निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करा. बायोसला (मशीन चालू होताना आधी येणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड नाही ना, हेही बघा. जुन्या कंपनीचं कुलूप राहिलेलं मशीन पुढे त्रास देतं. आणि सिरियल नंबर घातलेलं पक्कं बिल घ्या. बिल नाही म्हणाला तर माल कुठून आला याची हमी नाही, निघून या.

दुकानदार म्हणतो, विंडोज आणि ऑफिस फुकट टाकून देतो. घेऊ का?

आमच्याच धंद्यातली ही गोष्ट आहे, तरी सांगतो : घेऊ नका. फुकटचं म्हणजे क्रॅक, लायसन्स चुकवणारं. तो क्रॅक चालावा म्हणून आधी विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस बंद केला जातो. मग त्याच मशीनवर तुम्ही फी भरता, आधार अपलोड करता.

त्याची गरजही नसते. कंपनीच्या लॅपटॉपला मूळ विंडोज असेल तर त्याची किल्ली, म्हणजे लायसन्सचा कोड, बोर्डातच असते. त्याच आवृत्तीचं विंडोज नव्यानं टाकून नेटला जोडलं की ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. ऑफिससाठी कॉलेजच्या ईमेलवर मायक्रोसॉफ्ट ३६५ फुकट मिळतं का, ते विचारा. अनेक संस्था देतात. नसेल तर लिबरऑफिस किंवा गूगल डॉक्स. वेगळा अँटीव्हायरस विकत घेऊ नका, विंडोजचा डिफेंडर घरासाठी पुरे.

नेट किती लागतं? रोजच्या दीड जीबीत भागेल का?

एकच लेक्चर असेल तर भागेल. चांगल्या चित्रासह मीट किंवा झूमचा एक तास जीबीच्या आसपास खातो. यूट्यूब ३६०पीवर ठेवलं तर तासाला साधारण ३०० एमबी. म्हणजे दोन थेट तास झाले की दीड जीबी संपलं. म्हणून स्वतःचा कॅमेरा बंद ठेवा, इतरांचं चित्र कमी दर्जाचं करा. शिकवणाऱ्याचा आवाज आणि फळा एवढंच तुम्हाला हवं आहे.

डेटा खाणारा खरा चोर वेगळाच असतो. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडला की विंडोजला वाटतं आपण घरच्या वाय-फायवर आहोत, आणि ते अपडेट ओढायला लागतं. वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीवर 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे मोजका डेटा, हे चालू करा. वनड्राइव्हचं सिंक, म्हणजे फाइल आपोआप नेटवर चढवणं, तेही थांबवा.

हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी टेदरिंग, म्हणजे वायरनं फोनचं नेट घेणं बरं. वायरनं जोडलेला फोन चार्जही होतो आणि जोडणी तुटत नाही. घरात रेंज खिडकीपाशीच येत असेल तर लांब केबल घ्या : फोन खिडकीत, तुम्ही आत.

फायबर येत असेल तर डोळे झाकून घ्या. गावचा केबलवाला देतो ते ३० एमबीपीएसचं कनेक्शनही दोन भावंडांना पुरतं. पुरतं म्हणजे अपलोडही बघा. तोंडी परीक्षेत तुमचा आवाज आणि चित्र त्याच वाटेनं जातं. तिथे स्थिर २-३ एमबीपीएस मिळाले की झालं. राउटरच्या दोन वाय-फाय नावांपैकी ५ गीगाहर्ट्‌झचं वेगवान असतं, पण दगडी किंवा जाड भिंतीपलीकडे पोचत नाही. तिथे २.४चं धरा. आणि परीक्षेच्या दिवशी दहा मीटरची लॅनची केबल थेट टाका. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं पहाटे उतरवून ठेवावीत, रात्री आठ ते दहा सगळा गाव नेटवर असतो.

लाइट गेली की लेक्चर तुटतं. इन्व्हर्टर घ्यावा लागेल का?

आधी राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस घ्या. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, बंद पडतो तो राउटर. राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुधा १२ व्होल्ट. पण काही ९ व्होल्टचे असतात, वाचल्याशिवाय जोडू नका. फायबरला राउटरसोबत दुसरी डबी असेल तर तीही यूपीएसवर हवी. एवढं करून नेटवाल्याच्या टोकालाच लाइट नसेल तर नेट जाणारच, तेव्हा फोनवर यायचं. ही अदलाबदल परीक्षेआधी एकदा करून बघा.

डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे काम सेव्ह करून नीट बंद करायला लागणारी दहा-पंधरा मिनिटं. त्यावर प्रिंटर लावू नका.

यातलाच एक प्रश्न बायका जास्त विचारतात, कारण लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतात : चार्जिंगला लावला की अंगाला झिणझिण्या का येतात? घराला अर्थिंग नाही, किंवा बोर्डात बसेना म्हणून कुणीतरी चार्जरची जाड तिसरी पिन मोडून ठेवली आहे. पिन मोडू नका, वायरमनला बोलवून अर्थिंग करून घ्या. आणि मृगात विजा कडकडायला लागल्या की चार्जर आणि राउटर दोन्हींचे प्लग काढून ठेवा. पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे जळालेल्या अडॅप्टरांचा ढीग लागतो.

सर म्हणतात, तुझा आवाजच येत नाही.

माइकवाला साधा वायरचा इयरफोन घ्या. लॅपटॉपचा माइक पंखा, कुकर, शेजारचं भजन सगळं उचलतो. ब्लूटूथवाल्यांनी एक लक्षात घ्या : माइक चालू झाला की त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. दोष तुमच्या कानाचा नाही.

जुन्या डेस्कटॉपला आवाजाचं आणि माइकचं अशी दोन वेगळी भोकं असतात, फोनच्या इयरफोनची पिन एकच. त्यामुळे ऐकू येतं पण बोललेलं जात नाही. दोन पिनांचा स्प्लिटर स्वस्तात मिळतो, तेवढ्यानं काम होतं. झूममध्ये म्यूट असताना स्पेसबार दाबून धरला तर तेवढ्यापुरता माइक उघडतो. हजेरीला उपयोगी.

कॅमेरा वेगळा घेण्याची घाई नको. जुना फोन वेबकॅम म्हणून वापरता येतो. उजेड मात्र तोंडावर घ्या. खिडकी पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो, आणि देखरेखीच्या परीक्षेत ओळख पटवताना अडचण येते.

घर दोन खोल्यांचं. बसायचं कुठे?

भिंतीला तोंड करून, जिथे प्लग जवळ आहे तिथे. पलंगावर नाही : गादीनं हवेची भोकं बंद होतात, मशीन तापतं आणि पोरगं झोपतं. जुनं शिलाई मशीनचं टेबलही चालतं. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवून साधा यूएसबी कीबोर्ड जोडला तर मान वाचते. लेक्चरचं वेळापत्रक दारावर चिकटवा, म्हणजे त्या तासात कुणी मिक्सर लावणार नाही. हे पैशांनी सुटत नाही, घरातल्यांशी बोलूनच सुटतं.

मराठीत टाइप कसं करायचं? जुन्या फाइलमध्ये चौकोन आणि चिन्हं दिसतात.

ती फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेली असते. तो फाँट नसलेल्या मशीनवर ती वाचताच येत नाही. स्वाध्याय नेहमी युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या पद्धतीतच द्या. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा आणि तिच्यात फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी टाइप होतं तो) घ्या. २०१९च्या मे अपडेटपासून तो विंडोजमध्येच आहे, वेगळं काही उतरवावं लागत नाही. पुढे टायपिंगचंच काम करायचं मनात असेल तर सुरुवातीपासून इनस्क्रिप्ट ही प्रमाण कीबोर्ड-रचना शिकावी, असं माझं मत. फाँट मंगल, कोकिळा, निर्मला कुठलाही चालेल. क्रोममध्ये गूगल डॉक्सचं बोलून टाइप करणं मराठीत चालतं, पण विरामचिन्हं आणि ऱ्हस्वदीर्घ हातानं तपासा.

'स्वयं'चा कोर्स घेतला आहे. परीक्षाही घरूनच का?

२०१७मध्ये सुरू झालेल्या या व्यासपीठावर अनेक संस्था कोर्स चालवतात, म्हणून कोर्सच्या पानावर काय लिहिलं आहे ते वाचा. त्यातले एनपीटेलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे कोर्स सगळ्यात जास्त मुलं घेतात. तिथे शिकणं आणि दर आठवड्याचे असाइनमेंट घरून, अंतिम परीक्षा मात्र ठरलेल्या केंद्रावर जाऊन, तिथल्या कॉम्प्युटरवर. नोंदणी फुकट, परीक्षेची फी वेगळी. गुणांत २५ टक्के असाइनमेंटचे आणि ७५ टक्के परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३०, दोन्ही लागतात. बारा आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम आठ असाइनमेंट धरतात, तेव्हा एखादा आठवडा लाइटीनं खाल्ला तरी जीव घाबरा करू नका. शेवटच्या रात्री सबमिट करायची सवय मात्र सोडा.

कोर्ससाठी कोणती सॉफ्टवेअर विकत घ्यावी लागतील?

बहुतेक एकही नाही. टॅली प्राइम शैक्षणिक मोडमध्ये फुकट चालतं, फक्त नोंदी महिन्याच्या १, २ आणि शेवटच्या तारखेलाच टाकता येतात. सरावाला तेवढं पुरतं. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना ऑटोडेस्कच्या शिक्षण योजनेतून विनामूल्य मिळतं, त्यासाठी कॉलेजचा पुरावा लागतो. गणिती आकडेमोडीच्या मॅटलॅबच्या जागी फुकटचं ऑक्टेव्ह बरंच काम करतं. सी शिकवणारे काही सर अजून टर्बो सी हे जुनं सॉफ्टवेअर मागतात. ते डॉसबॉक्स या जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. पण जीसीसी हा आजचा फुकट कंपायलर टाका आणि सरांशी नम्रपणे बोला, ते मानतात.

असाइनमेंटची पीडीएफ 'फाइल मोठी आहे' म्हणून परत येते.

कॅमेऱ्यानं साधे फोटो काढून जोडले की असं होतं. गूगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमधल्या स्कॅनने पानं घ्या. कडा कापल्या जातात आणि एकच हलकी पीडीएफ तयार होते. वही दिवसा खिडकीपाशी ठेवा, ट्यूबखाली स्वतःच्याच हाताची सावली पडते. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता : आसन क्रमांक, विषय, स्वाध्याय क्रमांक. काही संकेतस्थळं देवनागरी नावाची फाइल घेतच नाहीत.

पासवर्ड आणि कागदपत्रं कुठे ठेवायची?

कॉलेजसाठी एक वेगळा ईमेल काढा, सायबर कॅफेवाल्याच्या नंबरावर नाही, घरच्या नंबरावर. प्रवेश भरताना कॅफेवाल्यानं टाकलेला पासवर्ड घरी आल्या आल्या बदला. परीक्षेच्या तोंडावर 'ओटीपी त्या दादाच्या फोनवर जातोय' म्हणत धावत येणारी मुलं आम्ही दरवर्षी बघतो. प्रवेशाला लागणारी एबीसी (क्रेडिट जमा होतात त्या खात्याची) आयडी डिजिलॉकरमधून निघते. मुक्त किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमांना आता यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची डेब आयडीही लागते, ती स्वतः काढता येते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. लिहिलेलं सगळं दोन ठिकाणी ठेवा : गूगलच्या १५ जीबीत आणि त्या जुन्या हार्ड डिस्कवर.

सध्या काहीच घेणं जमणार नाही. मग?

मुक्त विद्यापीठाचं असेल तर अभ्यासकेंद्रावर जा. संपर्कसत्राच्या दिवशी तिथली लॅब वापरता येईल का, हे समंत्रकांना, म्हणजे तिथल्या शिक्षकांना विचारा. नियमित कॉलेज असेल तर ग्रंथालयातल्या मशीनची वेळ नावावर लिहून घ्या. घरी टीव्ही आणि डीडी फ्री डिश असेल तर स्वयं प्रभा या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांवर कॉलेजचे विषय फुकट लागतात, नेट लागत नाही. गावात कुणाकडे बंद पडलेला लॅपटॉप माळ्यावर असेल तर मागून आणा. पडदा शाबूत असला तर बाकीचं बघता येतं. येताना चार्जर विसरू नका. निम्मे लोक तोच घरी ठेवून येतात.